खाल्लंस तर मरशील बघ

आमच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या घरात एक आजी राहायच्या. ओसाकाच्या उत्तरेला, आइगावा नावाच्या नदीपासून चालत वीसेक मिनिटांवर आमची चार मजली इमारत होती. भाषांतराच्या नोकरीमुळे मी तिथे सहा वर्षं काढली. सुरुवातीला त्या नदीचं नाव ऐकून मला हसू यायचं. ‘गावा’ म्हणजे नदी, म्हणजे ही चक्क ‘आई’ नदी. लेकीला मी तसंच सांगितलं होतं, आणि ती शाळेत सगळ्यांना सांगून आली होती.

आजी लेकीला अधूनमधून खाऊ द्यायच्या. बहुतेकदा पिवळ्या डबीतली मोरिनागाची कॅरॅमल. डबी देण्याआधी त्या ती उलटी करायच्या, वरच्या पारदर्शक कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवायच्या, चारही कोपरे चाचपायच्या आणि मगच दोन्ही हातांनी लेकीपुढे धरायच्या. जपानात वस्तू देण्याघेण्याच्या इतक्या रीती आहेत की ही त्यातलीच एखादी असेल असं मी धरून चालले होते. एकदा तर लेकीनेही मला गोळी देताना तसाच अंगठा फिरवून दाखवला. तेव्हा मी आजींना विचारलं.

त्या जरा ओशाळल्या. हात मागे घेतला आणि एवढंच म्हणाल्या, “ग्लिको-मोरिनागा.”

खाऊ बनवणाऱ्या दोन कंपन्यांची ही नावं. पण जपानात ती अशी जोडून उच्चारली की १९८४-८५ सालचा खंडणीचा गुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो. तो करणारे कोण, हे आजतागायत कळलेलं नाही.

मी त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते एका जुन्या मासिकात. त्यात एका छोट्याशा छापील चिठ्ठीचा फोटो होता. विष घातलेल्या खाऊच्या पुड्यावर गुन्हेगारांनी चिकटवलेली ती चिठ्ठी. सगळा लेख कांजीने, म्हणजे चिनी चित्राक्षरांनी भरलेला, शब्दकोश घेऊन बसावं लागेल असा. ती चिठ्ठी मात्र मी एका दमात वाचली, कारण ती जवळजवळ सगळी हिरागानात होती. पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हा पहिल्या महिन्यात गिरवलेली हीच अक्षरं. जपानी मुलंही आधी हीच शिकतात. सहा वर्षांचं पोर जे काही वाचू शकतं, ते या अक्षरांत.

‘दोकुइरी. किकेन. ताबेतारा शिनु दे.’

विष घातलंय. धोका. खाल्लंस तर मरशील बघ.

शेवटचं ते ‘दे’ खास ओसाकाच्या बोलीचं. प्रमाण जपानीत ते नाही. बाजारात, घरात, माणसं जवळिकीने बोलतात तेव्हा वाक्याला असं शेपूट येतं. आमच्या कोल्हापूरकडे आई पोराला ‘पडशील बघ’ म्हणते, त्यातलं ‘बघ’ म्हणजे हे ‘दे’. धमकी द्यायला या माणसांनी आईच्या तोंडची बोली घेतली होती आणि पहिलीच्या पाटीवरची अक्षरं.

हे एकदा दिसलं, आणि मग त्या गुन्ह्यात सगळीकडे तेच दिसायला लागलं. पोलीस किती चकले, पत्रं किती चतुर होती, कोल्ह्याच्या डोळ्यांचा माणूस कोण, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र एका गोष्टीने सोडलं नाही. या गुन्ह्याला लागलेलं जवळजवळ सगळं साहित्य लहान मुलांच्या घरातून उचललेलं होतं.

सुरुवातच बघा. १८ मार्च १९८४, रविवारची रात्र, नऊचा सुमार. कोबेजवळच्या निशिनोमिया गावात ग्लिको कंपनीचे अध्यक्ष कात्सुहिसा एझाकी आपल्या मुलांबरोबर अंघोळ करत होते. जपानी घरात रात्रीची अंघोळ हा दिवसातला सगळ्यात निवांत वेळ. गरम पाण्याचं खोल टब, त्यात गळ्यापर्यंत बसलेला बाप आणि मांडीशी मुलं. दिवसभर कामावर असलेला बाप मुलांना भेटतो तो इथे. दोन मुखवटेधारी आधी शेजारी राहणाऱ्या एझाकींच्या आईच्या घरात शिरले. त्यांना बांधून घातलं, किल्ली घेतली. मग या घरात येऊन बायकोला बांधलं, टेलिफोनच्या तारा कापल्या आणि बंदूक रोखून एझाकींना न्हाणीघरातून तसंच, अंगावर कपडा नसताना, उचलून नेलं. पोरं पाण्यात.

मागणी आली १ अब्ज येन आणि १०० किलो सोन्याची. तीन दिवसांनी, २१ मार्चला, एझाकी स्वतःच बांधलेल्या दोऱ्या सोडवून निसटले. त्यांना डांबलं होतं ते पूर आला तर लागणारं सामान ठेवायच्या एका गोदामात, आमच्या त्या आइगावाच्या काठी. हे वाचल्यानंतर नदीकाठी फिरायला जाताना मी लेकीचा हात जरा घट्ट धरायला लागले. इतक्या वर्षांनी त्याचा काही उपयोग नव्हता, हे कळत होतं तरीही.

ग्लिको ही जपानी बालपणातली किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला सांगूनच कळायचं. एझाकींचे आजोबा रिइचि एझाकी यांनी १९२२ साली कालवांतल्या ग्लायकोजेनपासून कॅरॅमल केली. त्यावरून नाव पडलं ग्लिको. लाल डबीवर दोन्ही हात उंचावून धावणारा माणूस, आणि त्याच्याबरोबर ‘एक गोळी, तीनशे मीटर’, म्हणजे एका गोळीत तीनशे मीटर धावायची ताकद. डबीसोबत एक छोटं खेळणं मिळायचं. त्याला ‘ओमाके’ म्हणतात, वरचं, फुकटचं. ओसाकाच्या दोतोन्बोरीत तो धावणारा माणूस अजूनही दिव्यांनी झगमगत उभा आहे आणि त्याच्यासारखे हात वर करून फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मोरिनागाचं चिन्ह तर पंखवाला देवदूत, लहान मुलाच्या रूपातला.

अपहरण फसलं, पण टोळी गप्प बसली नाही. १० एप्रिलला कंपनीच्या आवारात गाड्या पेटवल्या गेल्या. मग पत्रं सुरू झाली, वर्तमानपत्रांना आणि पोलिसांना. जपानी टंकयंत्रावर टाइप केलेली, बरीचशी हिरागानात, ओसाकाच्या बोलीत. ‘पोलिसातल्या येड्यांनो’ अशी हाक मारून सुरू होणारी. खाली सही, ‘एकवीस चेहऱ्यांचा राक्षस’. मुलांच्या रहस्यकथांत वीस चेहरे बदलणारा एक खलनायक जपानात पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. यांनी त्याला एक चेहरा जास्त जोडला. नावसुद्धा मुलांच्या दप्तरातून घेतलेलं.

मे महिन्यात त्यांनी कळवलं, ग्लिकोच्या खाऊत सायनाइड घातलंय. दुकानदारांनी फळ्यांवरून लाल डब्या उतरवल्या. कंपनीचा धंदा बसला. साडेचारशेच्या आसपास हंगामी कामगार कमी करावे लागले. त्यात बहुतेक बायका असणार, अर्धवेळ डब्या भरणाऱ्या. त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही, त्यामुळे त्यांच्या घरात त्या उन्हाळ्यात काय शिजलं ते मी सांगू शकत नाही. पण ‘बिनरक्ताचा, बुद्धीचा गुन्हा’ असं कौतुकाने कोणी म्हणालं की मला त्याच दिसतात. आणि ग्लिकोच्या एकाही डबीत विष निघालं नाही. नुसत्या शब्दावर हे सगळं झालं.

जून संपताना पत्र आलं, ‘ग्लिकोला आम्ही माफ केलं.’ मग खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या इतर कंपन्यांची पाळी आली. मारुदाइ हॅम, मोरिनागा, हाउस फूड्स, फुजिया.

मारुदाइच्या पैशांसाठी २८ जूनला जो बेत ठरला, तो मी रोज ज्या रेल्वेने जात होते तिच्यावरचा. कंपनीच्या माणसाने ५ कोटी येन घेऊन ताकात्सुकीहून क्योतोकडे जाणारी गाडी पकडायची, खिडकीतून पांढरं निशाण दिसलं की पिशवी बाहेर टाकायची. कंपनीचा माणूस म्हणून एक पोलीस बसला होता. निशाण दिसलं, पण त्याने पिशवी टाकली नाही. डब्यात त्याच्यावर नजर ठेवून असलेला एक माणूस साध्या वेषातल्या पोलिसांनी हेरला. धिप्पाड, आखूड कुरळे केस, चष्मा, आणि कोल्ह्यासारखे वर खेचलेले डोळे. त्याला धरू का, असं त्यांनी वरिष्ठांना विचारलं. वरून नकार आला, कारण एकट्यादुकट्याला नको, सगळी टोळी एकदम पकडायची होती. क्योतो स्टेशनच्या गर्दीत तो हातचा गेला. नंतर त्याचं चित्र काढून देशभर लावलं गेलं, आणि अजूनही जपानात ‘कोल्ह्याच्या डोळ्यांचा माणूस’ म्हटलं की तेच चित्र आठवतं. ताकात्सुकी ते क्योतो हे अंतर इतकं थोडं आहे की बसायला जागा मिळाली तरी पुस्तकाची चार पानं वाचून होत नाहीत. एवढ्या वेळात तो माणूस त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता.

आणि मग ऑक्टोबर. त्या महिन्यातलं पत्र पोलिसांना नव्हतं, कंपनीलाही नव्हतं. ते होतं ‘देशभरातल्या आयांना’.

ते मी मूळ जपानीत वाचलं, आणि पहिल्यांदाच भाषांतराचं काम नको वाटलं. शरद ऋतू आलाय, भुकेचे दिवस, खाऊ गोड लागतो, असं ते सुरू होतं. खाऊ म्हटला की मोरिनागाच. आम्ही त्याला आमची खास चव दिलीय, सायनाइडची, जराशी कडवट. याने दात किडत नाहीत, तेव्हा लेकरांना घेऊन द्या. हाकाताहून तोक्योपर्यंतच्या दुकानांत असे वीस पुडे ठेवलेत.

या खेपेला ते खरं होतं. ओसाका, क्योतो, ह्योगो, आइची इथल्या दुकानांतून डझनभराहून जास्त पुडे मिळाले, आणि त्यांत माणूस मरेल इतकं सोडियम सायनाइड होतं. पुढच्या फेब्रुवारीत तोक्यो आणि नागोयात आणखी सापडले. बहुतेकांवर ती चिठ्ठी होती, म्हणून कोणी खाल्लं नाही. पण ज्याला अजून वाचता येत नाही अशा मुलाने, आई पलीकडच्या रांगेत असताना, खालच्या फळीवरचा पुडा उचलला असता तर? हिरागाना यायला सहा वर्षांचं व्हावं लागतं. चॉकलेट ओळखायला दोन वर्षं पुरतात.

त्याच ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी एका दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांना दाखवलं. बेसबॉलची टोपी घातलेला एक माणूस फळीवर काहीतरी ठेवतो आणि निघून जातो. विकत घेणारा माणूस फळीवरून उचलतो, हा ठेवतो. एवढाच फरक. बघताना अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

आपल्याकडे प्रत्येक मुलाला लहानपणी एक धडा मिळतो. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नाही. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर आई मला हे दर वेळी सांगायची, जणू मागच्या वेळी सांगितलेलं मी गावीच विसरून आले असेन. रेल्वेत तर अजूनही हीच सूचना असते, कोणी बिस्किट-चहा दिला तर घेऊ नका, गुंगीचं औषध असू शकतं. या धड्याची दुसरी बाजू आपण बोलून दाखवत नाही, कारण ती बोलायची गरजच नसते. आपल्या माणसाने दिलेलं बिनघोर खायचं. आजोबा बाजारातून आले की त्यांच्या कोटाच्या खिशात हात घालून लिमलेटच्या गोळ्या काढताना मी कधी त्या उलटसुलट करून पाहिल्या नाहीत. ‘खाऊ’ हा शब्दच तसा आहे. तो पदार्थाचं नाव नाही, कोणीतरी आपल्यासाठी आणलेलं म्हणजे खाऊ. जपानच्या त्या शरद ऋतूत अनोळखी माणसापासून सावध राहून भागणार नव्हतं. विष आईच्याच हातून यायचं होतं.

आजींचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्यांनी मला हे सलग कधी सांगितलं नाही. एकदा कपडे वाळत घालताना थोडं, एकदा जिन्यात, एकदा लेकीला ताप होता तेव्हा पेज घेऊन आल्या त्या रात्री. घरातला सगळा खाऊ त्यांनी फेकला, दुसऱ्या कंपन्यांचासुद्धा. दुकानात गेल्या तरी डब्यांना सुईचं भोक दिसतं का ते बघत बसायच्या. शेजारच्या बाईही तेच करत असायच्या, आणि दोघी एकमेकींकडे बघणं टाळायच्या. मुलगा हट्ट करायचा. त्याला त्या रताळी वाफवून द्यायच्या, रोज रताळी.

दुकानदार मोरिनागाचा माल ठेवायला तयार नव्हते, तेव्हा कंपनीचे कर्मचारी स्वतः रस्त्यावर उभे राहून खाऊच्या पिशव्या विकायला लागले. हजार येनची एक पिशवी. लोकांनी त्या आपणहून घेतल्या, कंपनी जगावी म्हणून. आजींनीही स्टेशनबाहेर एक घेतली. विकणारा पोरगेला होता, खाली वाकून वाकून आभार मानत होता, त्याला नाही म्हणवेना. घरी आणून ती पिशवी कपाटावर ठेवली. कारखान्यातून थेट आलेली, कोणी हात न लावलेली, हे सगळं त्यांना पटत होतं. तरी मुलाला देववत नव्हती, आणि टाकवतही नव्हती. “विष घालणारा परका होता,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्या हातात डबी ठेवणारी मीच असते ना.”

पुढे त्या पिशवीचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

आता त्या आवाजाबद्दल. मला खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं, आणि मीच ते पुढे ढकलत आले.

पैसे कुठे आणायचे ते कंपन्यांना टेलिफोनवर सांगितलं जायचं. पण फोनवर गुन्हेगार सहसा बोलत नसत. टेप वाजायची, आणि टेपवर आवाज असायचा बाईचा किंवा मुलीचा, आणि काही वेळा लहान मुलाचा. ती मुद्रणं पोलिसांनी लोकांना ऐकवली, पुढे टीव्हीवर कितीतरी वेळा वाजवली गेली. मुलाचा आवाज मी ऐकलाय. तो बोलत नाही, वाचतो. एकेक तुकडा, मध्ये थांबून, सूर न बदलता, वर्गात उभं करून वाचायला सांगितल्यावर मुलं वाचतात तसा. ‘क्योतोकडे जा... एक नंबरच्या रस्त्याने... दोन किलोमीटर... बस थांबा जोनान्गू... बाकाच्या... बसायच्या फळीच्या मागे.’

कोणाच्या तरी घरात, कोणीतरी ओळखीच्या माणसाने त्या मुलाला जवळ बसवलं असेल. पुढ्यात कागद ठेवला असेल, बहुधा हिरागानात लिहिलेला. खेळ आहे म्हणाला असेल, किंवा गृहपाठ. चुकलं तर पुन्हा वाचायला लावलं असेल. शेवटी शाबासकी दिली असेल, आणि, हे मला फार छळतं, कदाचित खाऊ दिला असेल. कोणता दिला असेल?

ते मूल आज पन्नाशीच्या आगेमागे असेल. टीव्हीवर आपला आवाज त्याने कधीतरी ऐकला असेल. ओळखला असेल का? लहानपणचा स्वतःचा आवाज आपल्याला ओळखू येतो का? गुन्ह्यावर खटला भरायची मुदत संपली आणि गुन्हेगार सुटले. त्या मुलाची कसली मुदत संपली?

१४ नोव्हेंबरच्या रात्री हाउस फूड्सकडून १० कोटी येन घ्यायचे होते. टेपवरच्या सूचनांप्रमाणे पैशांची गाडी क्योतोतून मेइशिन महामार्गावर वळवली गेली. शिगा प्रांतात ओत्सूजवळच्या थांब्यावर तो कोल्ह्याच्या डोळ्यांचा माणूस पुन्हा दिसला, आणि पुन्हा त्याला कोणी हात लावला नाही. पुढे महामार्गाच्या कुंपणाला खूण म्हणून पांढरं फडकं बांधलं होतं. ही सगळी कारवाई गुप्त. त्यामुळे नेमक्या त्या फडक्याखालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या शिगा पोलिसांच्या गस्तीच्या गाडीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून एक गाडी उभी दिसली, म्हणून पोलिसाने जवळ जाऊन आतल्या माणसावर बॅटरी मारली. गाडी सुसाट निघाली. पाठलाग झाला, पण ती निसटली. नंतर कुसात्सू स्टेशनजवळ ती बेवारस सापडली. चोरीची होती, आणि आत पोलिसांचं बोलणं ऐकायचं यंत्र होतं.

त्या पोलिसाने काय चूक केली? अंधारात दिवे बंद करून उभ्या असलेल्या गाडीपाशी जाणं हेच त्याचं काम होतं. ज्यांनी त्याला सांगितलं नाही त्यांनी त्याला सांगायला हवं होतं. पण टोळी हातची घालवली ती शिगा पोलिसांनी, असंच सगळीकडे बोललं गेलं. शिगा पोलिसांचे प्रमुख होते शोजि यामामोतो. वरच्या परीक्षा देऊन थेट अधिकारी झालेले नव्हेत, साध्या शिपायापासून एकेक पायरी चढत आलेले. ७ ऑगस्ट १९८५, निवृत्तीचा दिवस. त्या दिवशी त्यांनी आपल्या सरकारी घराच्या आवारात स्वतःला जाळून घेतलं.

पाच दिवसांनी टोळीचं पत्र आलं. यामामोतो मर्दासारखा मेला, तेव्हा त्याला श्रद्धांजली म्हणून आम्ही खाऊच्या कंपन्यांना छळणं थांबवतो, असं त्यात होतं. शेवटी, वाईट माणसाचं जगणं मोठं मजेचं, असं. त्यानंतर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

त्या पत्रातल्या उद्धटपणाची आजही कोणी कोणी तारीफ करतं. एका परिचितांनी जेवणाच्या टेबलावर त्यातलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं आणि सगळे हसले. मी हसले नाही. ‘पण शेवटी कोणी मेलं तर नाही ना,’ असंही कोणीतरी म्हणालं. एक माणूस मेला होता. पुडे ज्या दुकानांत ठेवले ते सापडले म्हणून बाकीचे वाचले, ठेवणाऱ्याच्या दयेने नव्हे. दोनच वर्षं आधी, १९८२ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या परिसरात डोकेदुखीच्या गोळ्यांत सायनाइड मिसळलं गेलं आणि सात माणसं गेली. तोही गुन्हेगार सापडलेला नाही. पैसे मागणारं पत्र लिहिणाऱ्या माणसाला शिक्षा झाली ती खंडणीसाठी, खुनांसाठी कोणालाही झाली नाही. डब्या तिथे ठेवल्या, इथेही ठेवल्या. फरक कुठे पडला असेल तर तो चिठ्ठीचा आणि नशिबाचा.

तपासात पोलिसांची एकूण हजेरी मोजली तर ती १३ लाखांच्या घरात जाते. फेब्रुवारी २००० मध्ये विषाच्या प्रकरणांची शेवटची मुदत संपली, आणि आता कोणी पोलीस चौकीत येऊन ‘मीच तो’ म्हणालं तरी खटला चालणार नाही. १९८७ मध्ये बाजारातल्या खाद्यपदार्थांत विष मिसळण्याविरुद्ध वेगळा कायदा झाला. खाऊच्या डब्यांवर तो पातळ पारदर्शक कागद सर्रास चढला, फाडल्याशिवाय उघडता येऊ नये असा. एझाकींनी चाळीस वर्षं कंपनी सांभाळली आणि २०२२ मध्ये अध्यक्षपद थोरल्या मुलाकडे दिलं. अपहरण झालं तेव्हा तो मुलगा अकरा वर्षांचा होता.

ओसाका सोडायच्या आधीच्या फेब्रुवारीत आम्ही दोघी क्योतोच्या दक्षिणेला जोनान्गूच्या देवळात गेलो. तिथल्या बागेत झुकलेल्या फांद्यांचे प्लमचे वृक्ष आहेत. त्यांचा गुलाबी बहर खाली लोंबतो, आणि शेवाळ्यावर लाल कामेलियाची अख्खी फुलं गळून पडलेली असतात. लेक फुलं मोजत होती. शाळेतला पहिला वर्ग संपत आला होता आणि वाचायचं वेड लागलं होतं, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. बसच्या पाट्या, दुकानांची नावं, छत्र्या ठेवायच्या स्टँडवरची सूचना.

परतताना आम्ही बसची वाट बघत थांबलो. थांब्यावर बाक होतं. आताचं बाक तेव्हाचं नसणारच, आणि थांबाही नेमका तोच की पुढचा ते मी कोणाला विचारलं नाही. तरी मी खाली वाकून फळीच्या मागे बघितलं. काही नव्हतं, एक जुनं चिकटवलेलं च्युइंगगम.

पिशवीत आजींनी वाटेसाठी दिलेली पिवळी डबी होती. लेकीने ती काढली, कागदाची लाल पट्टी धरून ओढली, एक गोळी स्वतःला घेतली, एक मला दिली. मी ती तोंडात टाकली. मग तिची नजर थांब्याच्या खांबाकडे गेली. कांजीच्या खाली छोट्या हिरागानात नाव लिहिलेलं होतं. गालात गोळी, बोट एकेका अक्षरावर, सूर सपाट.

“जो... ना... न... गू,” तिने वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “बरोबर वाचलं ना, आई?”

“बरोबर,” मी म्हटलं, आणि बस येईपर्यंत तिचं बोट धरून उभी राहिले.